त्रेचाळीस नंबरचे शब्द

गेल्या आठवड्यात एका क्लासवाल्यांचा फोन आला. नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दसंपत्तीची कार्यशाळा घेतायत म्हणे. जरा वरच्या पातळीचे शब्द, परीक्षेत आणि पुढे मुलाखतीतही उपयोगी पडतील असे. तुमची ती शब्दांची हजेरी होती ना मॅडम, तीच घ्या, लोक अजून आठवण काढतात. मी म्हटलं, मान दुखते, जमायचं नाही. मान दुखते हे खरंच आहे. पण नाही म्हणायचं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण फोनवर सांगायचं त्राण माझ्यात नाही. म्हणून इथे लिहून टाकते, एकदाच.

आमची शाळा अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडे. मुलांचे वडील बहुतेक शिफ्टवाले. घरात इंग्रजी म्हणजे मशिनवरची बटणं आणि औषधाच्या बाटलीवरचा कागद, त्यापलीकडे काही नाही. अशा मुलांच्या तोंडात शब्द कसे बसवायचे, यावर ऐन उमेदीत मी फार डोकं चालवलं. फळ्याच्या कोपऱ्यात रोजचे पाच शब्द लिहून झाले, पाठांतराच्या वह्या झाल्या. वह्या काय सुंदर असायच्या! लाल शाईत शब्द, निळ्या शाईत अर्थ, आणि विचारलं की पोरगं आढ्याकडे बघणार. मग एकदा हजेरी घेता घेताच सुचलं. साठ पोरं रोज साठ वेळा ‘येस मॅडम’ म्हणतात आणि सात-आठ मिनिटं फुकट जातात. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या नंबराला एक नवा इंग्रजी शब्द म्हणायचा. एकदा म्हटलेला पुन्हा चालणार नाही. शब्द स्वतः शोधलेला हवा, दुसऱ्याकडून उसना घेतलेला नको. अर्थ मी कधीही विचारीन. शब्द आला की हजर, आणि ‘येस मॅडम’ म्हणेल तो समोर बसलेला असला तरी गैरहजर.

चाललं हो ते. पहिल्या महिन्यात मुलं ‘टेबल’, ‘मँगो’ करत होती, दिवाळीपर्यंत ‘जायगँटिक’ आणि ‘मेटिक्युलस’वर आली. जिन्यात एकमेकांपासून शब्द लपवायची. बाहेरच्या शाळांतले शिक्षक येऊन मागच्या बाकावर बसून बघून गेले. दोन-तीन शिबिरांत मी त्यावर बोलले, एक शाल मिळाली, नारळ मिळाला. मी फुशारले, खोटं कशाला बोलू?

हे सगळं घडलं ते माझं नोकरीतलं शेवटचं वर्ष. एव्हाना मी पार थकले होते. शिकवून नव्हे, शिकवण्याचा शीण मला कधी आला नाही. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, मोबाइलवर भरायची माहिती, मग तीच माहिती कागदावर, आणि तो कागद ऑफिसात हरवला म्हणून तिसऱ्यांदा. घरी आलं की कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. त्यात मानेने दगा दिला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि खाली वाकायचं नाही अशी तंबी दिली. मग मी हजेरीपट टेबलावर न ठेवता तोंडासमोर उभा धरायला लागले, आरशासारखा, आणि शिकवताना पुस्तकही तसंच. नंबर पुकारायचा, शब्द ऐकायचा, खूण करायची. पटापट व्हायचं. त्या पटापलीकडचं मला काही दिसत नसे, आणि खरं सांगायचं तर दिसावं असं वाटतही नसे.

त्रेचाळीस नंबरला एक मुलगी होती, सुरगाण्याकडची. आई-वडील डोंगरात भात-नागली करायचे आणि दिवाळीनंतर खाली द्राक्षबागांवर कामाला उतरायचे. पोरगी हुशार म्हणून अंबडला कारखान्यात असलेल्या मामाने तिला शिकायला आपल्याकडे ठेवून घेतली होती. पहिल्या दिवशी ती माझ्या वर्गात ‘येस मॅडम’ म्हणाली आणि गैरहजर लागली. दुसऱ्या दिवशी ‘माउंटन’ म्हणाली. ऑगस्टमध्ये तिने ‘ऑब्स्टिनेट’ म्हटलं, तेव्हा मी अर्थ विचारला. ती म्हणाली, आमच्याकडची जीप चढाला अडते ना मॅडम, सगळ्यांनी उतरून ढकललं तरी हलत नाही, तशी. वर्ग हसला, मीही हसले. त्या दिवसापासून बेचाळीस शब्द मी ऐकायचे म्हणून ऐकायचे आणि त्रेचाळिसाव्याला कान टवकारायचे. त्या वर्षात मला बरं वाटायचं ते तेवढंच.

चव्वेचाळीस नंबर तिची बाकावरची मैत्रीण. पाथर्डीकडच्या फुलशेतीवाल्या घरातली. सकाळी झेंडूच्या माळा करून शाळेत यायची, त्यामुळे बोटांची टोकं कायम पिवळी. अभ्यासात यथातथाच, पण त्रेचाळीसवर तिचा फार जीव. दोघींचे शब्द एकाच बाकावरून एकापाठोपाठ यायचे, आधी एक हळू, मग एक खणखणीत.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा पुन्हा सुरू झाली. मला पट्टा लागला तो याच सुमाराला. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये म्हणून जानेवारीत मी दहावीचे रविवारी जादा तास लावले. शाळेत कुणी लावत नव्हतं, मी लावले, कारण मला वाटायचं आपल्याशिवाय या पोरांचं काही खरं नाही. दांड्या मारू नयेत म्हणून तिथेही हजेरी घ्यायचे, तशीच, शब्दांची. ती सरकारी पटावर जायची नव्हती, नुसती वचक म्हणून वहीत.

दुसरा रविवार होऊन गेल्यावरच्या मंगळवारची गोष्ट. त्रेचाळीसला शब्द आला ‘टेनेशस’. चिकाटी न सोडणारा. इतका नेमका शब्द दहावीच्या मुलीने काढला याचं मला कौतुक वाटलं आणि शाबासकी द्यायला मी हजेरीपट खाली केला. बाकावर चव्वेचाळीस नंबर एकटी बसली होती. शेजारी तिने दप्तर ठेवलं होतं.

मी विचारलं, त्रेचाळीस कुठे आहे? सत्तावन्न पोरं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडांकडे बघून मला कळलं की यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन महिने माहीत आहे. एरवी एकमेकांच्या पेन्सिली चोरल्याच्या तक्रारी माझ्यापर्यंत आणणारी ही पोरं, यातलं एकही बोललं नव्हतं. बाकीच्या विषयांच्या शिक्षकांना रिकामी जागा दिसली असेल, पण हजेरी माझी, त्यांनी कशाला डोकं घालावं? राग आला तो आधी चव्वेचाळीसचा आला, स्वतःचा यायला वेळ लागला.

तास संपल्यावर तिला जिन्याखाली घेतलं आणि फाडफाड बोलले. ती रडली नाही. तिने सगळं सांगितलं. त्रेचाळीसची आई दिवाळीच्या तोंडावर बाळंत झाली होती. आईला बागेत काम, तान्हं पोर सांभाळायला कुणी नाही, म्हणून मुलीला बरोबर नेली. एरवी आजी सांभाळायची, पण आजीच्या डोळ्यांची ऑपरेशनं होती, एक झाल्यावर दुसरं. ती बरी होऊन खाली आली की ही मोकळी. तोवर हजेरी भरायला हवी. मग चव्वेचाळीसने कंपासपेटीतून एक कागद काढला. वहीचं दुहेरी पान, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. साठ शब्द, एकाखाली एक, समोर मराठीत अर्थ. जायच्या आधी त्रेचाळीसने शब्दकोशातून काढून दिले होते, कॅलेंडरवरून शाळेचे दिवस मोजून, जितके दिवस तितकेच शब्द. म्हटलेल्या शब्दांवर रोज एक बारीक टिकली केलेली. खाली आठ उरले होते.

“शब्द सगळे तिचेच आहेत मॅडम, मी फक्त म्हणते,” ती म्हणाली. “हजेरी कमी भरली तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि शब्द संपायच्या आत ती येणार आहे.”

त्या कागदाकडे बघून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. लाज वाटली हे नक्की. वीस वर्षं मी टेचात सांगत आले की शब्द आला की हजर, आणि पोरांनी ते खरं धरलं. त्यांच्या हिशेबी त्यांनी मला फसवलंच नव्हतं. नियम माझा होता आणि त्यांनी तो काटेकोर पाळला होता.

मी चव्वेचाळीसला सांगितलं, आठ शब्द आहेत, आठ दिवस मी काही बघितलं नाही. तोवर ती आली तर ठीक. शब्द संपले आणि ती नसली, तर मला खरं काय ते लिहावं लागेल. ती हो म्हणाली. इतक्या खात्रीने म्हणाली की मलाही धीर आला.

मामाला फोन लावला. तो शिफ्टवर होता, मागे मशिनचा खडखडाट. म्हणाला, “येईल मॅडम, नाय कशाला येईल? म्हातारीचं झालं की येती. तिकडं रेंज लागत नाय, पण निरोप धाडतो.” कुठली बाग विचारलं, तर सायखेड्याच्या बाजूला म्हणाला, पण टोळी हलती असते, आज या बागेत तर उद्या त्या. रविवारी आपणच जाऊन बघावं असं माझ्या मनात आलं. सायखेडा काही लांब नाही, बसने जाऊन दुपारपर्यंत परत. पण रविवारी जादा तास होता. मी तास घेतला. तेव्हा गेले असते तर, हा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता त्याचाही कंटाळा आला.

ते आठ दिवस मी पट खाली धरून हजेरी घेतली, मान दुखली तरी. बेचाळीस झाला की वर्ग गप्प व्हायचा. चव्वेचाळीस उभी राहून कागदाकडे न बघता शब्द म्हणायची. ‘फ्रॅजाइल’. ‘ॲम्पल’. ‘सॉलिट्यूड’. मी अर्थ विचारायचे, ती त्रेचाळीसने लिहिलेला अर्थ सांगायची. ‘सॉलिट्यूड’समोर लिहिलं होतं, आजूबाजूला माणसं आहेत पण आपल्याशी बोलायला कुणी नाही. ते काही बरोबर नाही, पण मी चूक म्हटलं नाही. रविवारच्या जादा तासालाही एक शब्द झाला. सोमवारी एक, मंगळवारी एक. बुधवारी शेवटचा आला, ‘पंक्च्युअल’. ठरल्या वेळी येणारा. मी मनात म्हटलं, बघू.

गुरुवारी बेचाळीस झाला, मी त्रेचाळीस पुकारलं. चव्वेचाळीस उभी राहिली आणि नुसतीच उभी राहिली. मी तिला म्हटलं, बस. ती बसेना. म्हणाली, दोन-तीन दिवस थांबा ना मॅडम, ती मोजून गेलीय, येते म्हणाली म्हणजे येतेच. मला एकदम चिडच आली. म्हटलं, मग तुझ्या मनाने आणखी चार शब्द का नाही घातलेस? एवढं दोन महिने केलंस, तर चार शब्दांनी काय बिघडलं असतं?

“तिचा शब्द तिनेच शोधलेला पाहिजे ना मॅडम,” ती म्हणाली. “उसना चालत नाही.”

मी पुढचे नंबर पुकारले.

त्याच दिवशी कमी हजेरीच्या मुलांची यादी मुख्याध्यापकांना हवी होती. शुक्रवारी ती बोर्डाकडे जायची. मुख्याध्यापक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, भला माणूस. त्यांनी हसत विचारलं, मॅडम, तुमच्या वर्गातलं काय, नेहमीप्रमाणे कुणीच नाही ना? मी ‘कुणीच नाही’ म्हणू शकले असते. तिथेच संपलं असतं. पण माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते, पेन्शनचे कागद निघाले होते, आणि दोन महिन्यांची खोटी हजेरी माझ्या सहीची होती. मी भ्याले. भीतीला प्रामाणिकपणा म्हणायची सोय असते, ती मी करून घेतली. शिक्षकांच्या खोलीत बसून लाल पेनाने दिवाळीनंतरच्या एकेका दिवसावर त्रेचाळीससमोर गैरहजेरी लावली, खाली सह्या केल्या. मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, आणि तुम्ही योग्य तेच केलंत म्हणाले. मला ते ऐकायचं होतं. यादी शुक्रवारी गेली. ती मुलगी यंदा मार्चला बसणार नव्हती. फार तर पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता आलं असतं.

शुक्रवार-शनिवार मी बेचाळीसवरून सरळ चव्वेचाळीसवर गेले. त्या रविवारी जादा तास ठेवला नाही. अंगात त्राण नव्हतं.

यानंतर मी काय काय केलं ते आत्ताच सांगून टाकते. विनंतीअर्ज लिहिला. मुख्याध्यापकांना घेऊन दोनदा ऑफिसात गेले. सगळे नीट बोलले, खुर्ची दिली, चहा दिला, पण यादी ती यादी. जूनमध्ये मामाला फोन केला, तो म्हणाला, ती गावाला हाय, पोराला सांभाळती, फॉर्मचं बघू. नंतर त्याचा नंबर लागेनासा झाला. मला एवढंच माहीत आहे.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी वर्गात गेले तर चव्वेचाळीसच्या शेजारी ती बसली होती. पहिल्यांदा ओळखलीच नाही. उन्हाने काळवंडली होती, गाल बसले होते, गणवेश सैल झाला होता. दप्तर नवं दिसत होतं, की तेच धुतलेलं, देव जाणे. वर्ग नेहमीपेक्षा ताठ बसला होता, सगळ्यांची तोंडं उजळलेली. त्यांना यादीचं काही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी हजेरी सुरू केली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. एकेचाळीस. बेचाळीस. आणि जिभेला दोन दिवसांचं वळण पडलेलं, तोंडातून चव्वेचाळीस निघून गेलं. चव्वेचाळीसने शब्द म्हटला नाही. ती शेजारी बघत राहिली. मग ती मुलगी उठली आणि म्हणाली, मॅडम, माझा नंबर राहिला.

मी विचारलं, इतके दिवस का लावलेस? शब्द तर बुधवारीच संपले. ती गोंधळली. बोटांवर काहीतरी मोजायला लागली, ओठ हलत होते. पुन्हा मोजलं. म्हणाली, शनिवारपर्यंतचे दिले होते मॅडम, आजी शनिवारी आली, मी काल निघाले. मग चव्वेचाळीस तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली आणि मला दोघींच्या आधी कळलं. तीन रविवार. तिने शाळेचे दिवस बरोबर मोजले होते, एकाचाही फरक नव्हता. माझ्या जादा तासांनी तिचे तीन शब्द खाल्ले होते.

“रविवारी शाळा भरते हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, जरा ओशाळली होती, आपलंच चुकलं असावं तशी. मी काही बोलायच्या आत तिचा चेहरा खुलला.

“म्हणजे तीनच कमी पडले ना मॅडम? मग ते आत्ता सांगते.”

मी नको म्हणायला हवं होतं. ती हात मागे बांधून, रोजच्यासारखी सरळ उभी राहिली आणि एकेक करून तीन शब्द म्हणाली, प्रत्येकाचा अर्थ न विचारता सांगितला, आणि हजेरी लागायची वाट बघत माझ्या पेनाकडे बघत राहिली.

तिन्ही शब्द नवे होते. अर्थही बरोबर होते.